पोथीशेजारचा रेडिओ

आप्पा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर जळते. दुसरा शब्द शोधून बघितला, सापडला नाही. मी पुण्यात जाहिरातींच्या ऑफिसात मजकूर लिहिते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. गेल्या सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. एका कंपनीला ट्रान्झिस्टर खेड्यांत खपवायचेत. साहेब म्हणाले, "गावात आधी एकच सेट ठेवायचा, फुकट. पण घर बरोबर निवडा. नवी माणसं गोळा करत बसू नका, जिथं रोज जमतात तिथंच ठेवा." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही मुळशीकडच्या ना? तिकडची यादी तुम्ही करा." बाकीचे लिहून घेत होते. मला लिहायची गरज नव्हती. असं एक घर मी आतून बघितलेलं होतं. रिहे गावातलं आपलं.

रेडिओ आला त्या साली मी मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजचं तुम्ही "पुढल्या वर्षी बघू" म्हणून लांबवलं होतं. श्रावण होता. दिवेलागणीला माणसं चिखलाचे पाय धुऊन ओट्यावर येतात, पुरुष एका बाजूला, बायका दाराकडच्या. कंदिलाशी मी पोथी उघडते. मी ओवी वाचायची आणि थांबायचं, मग तुम्ही अर्थ सांगायचा. बारा वर्षांची असल्यापासून ती जागा माझी होती, तुमच्या डाव्या गुडघ्याशेजारची. लोक तुम्हालाच ऐकायला येतात हे मला कळत होतं. ओवी संपली की सगळ्यांच्या माना माझ्यावरून तुमच्याकडं वळायच्या. पण मी थांबल्याशिवाय तुम्हाला सुरू करता येत नव्हतं, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

मग तो जीपवाला आला. रेडिओ कंपनीचा माणूस, चिखलासाठी पँट दुमडलेली, बोलणं गोड. बॅटरीचा सेट आपल्या कोनाड्यात ठेवला, अंगणात बांबू रोवून तार ओढली. महिनाभर ऐका, नको वाटला तर घेऊन जातो म्हणाला. तुम्ही म्हणालात, पोथीच्या आधी थोडा वेळ लावू. पहिल्या संध्याकाळी एक गाणं झालं आणि गाण्यामागून कुणी बाई हिंदीत दातांच्या पावडरीचं बोलली. चारच ओळी, यमक जुळवून. ती थांबली. पुढचं गाणं सुरू झालं तरी त्याकडं कुणाचं लक्ष नाही. सगळ्या माना तुमच्याकडं. मला आधी कळेचना काय झालं ते. शेजारचे तात्या म्हणाले, "मास्तर, अर्थ सांगा की."

त्यांचं तरी काय चुकलं? त्या ओट्यावर चार ओळी म्हणून कुणी थांबलं की मास्तर अर्थ सांगतात, हीच रीत होती. तुम्ही हसून सोडून द्याल असं मला वाटलं. तुम्ही रेडिओ बारीक केलात, घसा खाकरलात आणि पोथीवर सांगता तस्संच सांगायला लागलात. "तिचं म्हणणं एवढंच हाय. हसू आलं की आपल्या बाया तोंडावर पदर घेत्यात. का घेत्यात? मिशरीनं दात काळे झालेत म्हणून. तर ती म्हणती, पदर खाली ठेवून हसा." आप्पा, ती बाई असलं काही म्हणाली नव्हती. ती मोत्यासारखे दात म्हणाली होती, बस. दाराशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "मला तर दातच न्हाईत, मास्तर. माझ्यासाठी काय बोलली?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यासाठी उद्याचा अध्याय, आत्याबाई." ओटा खदखदून हसला, आणि मला अजून दिसतं, हसताना बायकांचे हात पदराकडं गेले आणि मधेच थांबले. जीपवाला पायरीवर बसला होता. त्यानं खिशातून वही काढली.

चार दिवसांनी तो परत आला. "मास्तर, माझा सेट नुसता बोलतो. लोकांना कळतं ते तुमच्या तोंडून. भुकूमला चला, माणला चला." मग रोज शाळा सुटली की फाटकाशी जीप. पोथी माझ्यावर टाकून तुम्ही पुढं बसून निघून जायचात. एका संध्याकाळी मी ओवी वाचली, थांबले, तुमची जागा रिकामी बघितली आणि अर्थही मीच सांगायला घेतला. रात्रभर पाठ केला होता. तात्या मधेच म्हणाले, "पोरी, तू नुसतं वाच. अर्थ मास्तर आल्यावर इचारू." वाईट बोलले नाहीत, मायेनंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून लोक कोनाड्याकडं तोंड करून बसायला लागले.

समाप्तीच्या दिवशी तुम्ही उशिरा आलात, उभ्यानंच प्रसाद घेतलात आणि माणला लोक कसे हसले ते सांगत सुटलात. मुठीतला शिरा तसाच राहिला. माझ्या वाचण्याबद्दल तुम्ही कधी असं बोलला नव्हतात. मी म्हणाले, पोथी अर्धी टाकून जाणं बरं दिसतं का? तुम्ही हात धूत म्हणालात, "तुला वाचता येतं. समोरची माणसं बघता येत न्हाईत. पोथीतनं डोकं वर काढ की जरा." पुढल्या जूनमध्ये मला कॉलेजात घातलंत. ते त्या जीपवाल्यानं दिलेल्या पैशांतून झालं, हे आईनं तुमच्यामागं सांगितलं. म्हणजे त्या माणसावर नीट चिडायचीही सोय तुम्ही ठेवली नाहीत.

मी कथा लिहिते, आप्पा. त्यांना सुरुवात नसते, शेवट नसतो, हल्ली मी पूर्णविरामही काढून टाकलेत. ज्या अंकांत त्या येतात ते आम्ही लिहिणारेच एकमेकांना वाचायला देतो आणि धाडसी आहे म्हणतो. वाचताना कुणाचा हात मधेच थांबल्याचं मी बघितलेलं नाही. ऑफिसात मात्र साबणाच्या चार ओळी लिहायच्या असल्या की मी तुमच्यासारखा घसा खाकरते, आणि साबण खपतो. तेव्हा मी सगळ्यात जास्त जळते. खपतो तो तुमच्या आवाजामुळं.

एक तुम्हाला कधीच सांगितलं नाही. जीप गावात शिरण्याआधी आपल्या बांधाशी थांबली होती. मी भातलावणीच्या रोपांच्या मुठी टाकत होते. त्यानं विचारलं, संध्याकाळी गाव कुठं बसतं? मी आपलं घर दाखवलं. काय असतं तिथं? पोथी. कोण वाचतं? मी म्हणाले, मी. तुमचं नावच घेतलं नाही. त्या संध्याकाळी मी पुन्हा वेणी घातली होती, घडीचं लुगडं नेसले होते, आणि तो वही काढेल म्हणून वाट बघत होते. त्यानं काढली. तुमच्यासाठी.

आता पोथी तात्यांच्या ओट्यावर असते. आई परवा सांगत होती, त्यांची धाकटी सून ओवीही वाचते आणि अर्थही तीच सांगते, आणि बसायला जागा उरत नाही. "डोळे मिटून ऐकावं असं सांगती गं," म्हणाली. मी विचारलं, माझ्यापेक्षा? आई हसली.

हे मी यादीच्या कार्बन कॉपीच्या पाठीमागं लिहितेय, त्यामुळं हे कुठं जाणार नाही. यादी आज सकाळी साहेबांना दिली. रिह्याच्या नावापुढं तात्यांच्या सुनेचं घर लिहिलंय. सगळ्यात पहिलं तेच लिहिलं.