एकही फुली नाही

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मामाने तुझा मोबाइल पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा होईपर्यंत कपाटात कोंडलाय, म्हणून मला पत्र लिहावं लागतंय. नववीत नापास झालो तेव्हा पेपरातही एवढं लिहिलं नव्हतं. तुझ्या सरावाच्या वहीची झेरॉक्स मामाने पाठवली. आईने ती शेजारीपाजारी फिरवली आणि आता फ्रीजवर चिकटवलीय. बाबा आकडे मोठ्याने वाचतात, दूधवाला मान डोलावतो.

मीही वाचली. तारीख, वजन, आणि पुढे मामाच्या हातची बरोबरची खूण. सात महिन्यांत एकही फुली नाही! ताई, मी कॉपी करतो तेव्हासुद्धा दोन उत्तरं मुद्दाम चुकवतो, नाहीतर सरांना संशय येतो. स्क्वॉटला, म्हणजे पाठीवर बार घेऊन मारायच्या बैठकीला, कंबर गुडघ्याच्या खाली गेलीच पाहिजे, हे तूच शिकवलं होतंस, माझ्या मानेवर गादी ठेवून. तू खरंच दर वेळी तेवढी खाली जातेस, की पाहुण्यांच्या सोफ्यावर टेकल्यासारखी अर्ध्यातून उठतेस?

लोभ असू दे. नसेल तर निदान राग पत्रानेच पाठव, हाताने नको.
तुझं कार्टं

१० जून

चि. कार्ट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र आधी मामाने फोडलं. म्हणाला, ज्याच्या वहीत नुसत्या फुल्या, त्याला दुसऱ्याच्या वहीतही त्याच हव्या असतात. मला हसू आलं, मग तुझा राग आला. पाठीवर बार घेऊन एकदा उभा राहा, मग बोल.

इथे मी मामाच्या जिमच्या मागच्या खोलीत चटयांच्या गठ्ठ्याशेजारी झोपते. एखादं अंडं जास्तीचं फोडलं की मामी आवाजावरून ओळखते. स्पर्धेत नंबर आला तर कारखान्याच्या संघात घेतात, म्हणजे नोकरी आणि स्वतःची खोली. मामाने तर दारावर माझ्या फोटोचा मोठा बोर्डही लावलाय. तो बघून लोक नाव नोंदवायला येतात. तेव्हा थट्टा पुरे.

आईबाबांना नमस्कार. अभ्यास कर, हे लिहायचं असतं म्हणून लिहिते.
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (मामा, फोडलंच आहेस तर तुलाही नमस्कार.)

सोबतच्या खोक्यात माझ्या सायकलचा रबरी भोंगा आहे. गुडघ्यापेक्षा जरा खाली येईल अशा बुटक्या स्टुलावर तो ठेव आणि बैठक मार. वाजला तर मी गाढव, तसं पाटीवर लिहून गळ्यात घालून फिरेन. बाबांच्या खुर्चीवर ठेवून पाहिलाय, उत्तम वाजतो. त्यानंतर मी जेवण शेजारी घेतलं.

चिडू नकोस. तुझी ती खोली मलाही हवीय, सुट्टीत राहायला.
लोभ वाढव, मार कमी कर.
कार्टं

२ जुलै

चि. कार्ट्यास,
आशीर्वाद.

खोकं मामीने घेतलं, म्हणून मामाने उघडलं नाही. तो बाहेर गेल्यावर करून पाहिलं. पंच्याऐंशी किलोला भोंगा वाजला. वहीतल्या एकशे दहाला नाही. पुन्हा केलं, तरी नाही.

मामाला सांगितलं की स्पर्धेत मी पंच्याऐंशीने सुरुवात करते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, पंच काय पट्टी घेऊन बसतात? आणि बोर्डावर एकशे दहा रंगवलंय, लोक काय म्हणतील? पहिलं वजन पंचांना तोच कळवणार आहे. एकदा उचलायला गेलं की ते कमी करता येत नाही. रविवारी स्पर्धा.

घरी काही बोलू नकोस.
ताई

१५ जुलै

चि. भावास,
आशीर्वाद.

एकशे दहा घेऊन तिन्ही वेळा उठले, पण तिन्ही वेळा पंचांचे लाल दिवे, म्हणजे बाद. खाली गेलेच नव्हते. तिन्ही बैठका चुकल्या की पुढचं काही करूच देत नाहीत. बेल्ट सोडला आणि बाकावर बसून दुसऱ्यांचं पाहिलं. येताना मामा गाडीत सगळ्यांना सांगत होता, पंच विकले गेले.

बोर्ड तसाच आहे. एक नवीन मुलगी आलीय, कानात मोठ्या रिंगा, सारखी हसते. तिची वही तू लिही, मग पुढच्या वर्षी तुला पुन्हा पाठवीन, असं मामा म्हणाला. काल तिने वळून विचारलं, ताई, गेले ना खाली? गेली नव्हती. मामा मागे उभा होता. मी बरोबरची खूण केली.

फ्रीजवरचा कागद काढ. मी एवढ्यात येत नाही.
ताई

२१ जुलै

ती. ताईस,
सा. न.

कागद काढला. आईने विचारलं, ताईचं काय पत्र आलंय? मी म्हणालो, नेहमीचीच थट्टा.

तुला फसवलं तेव्हा मी मामावर चिडलो होतो. आता कोणावर चिडू? ती पोरगी तुला विचारते, मामाला नाही. तिला खरं सांग. सांगितलंस की कळव, तोवर मी लिहिणार नाही.

नमस्कार वर लिहिलाय. लोभाचं नंतर बघू.