गुनवोरचा कोट

२ मे
पोचले एकदाची. बेटावर आम्ही तिघंच: मी, म्हातारा ओडमुंड आणि त्याची बायको बोर्गहिल्ड. दगड-फळ्यांची बुटकी खोपटं मांडून ठेवलीत, आयडर बदकांच्या माद्या त्यात अंडी घालतील आणि जाताना पोटाची मऊ पिसं आपल्यासाठी ठेवून जातील. गेल्या वर्षी सगळ्या माद्या अंडी टाकून अर्ध्यातच उडाल्या. यंदाही तसंच झालं तर ही राखण कायमची बंद, आणि माझी नोकरीसुद्धा. बोर्गहिल्डने माशाचे गोळे वाढले. म्हणाली, शहरातली पोर तू, हळू चालायला शिक, आणि शिंक आली तर घरात येऊन शिंक.

५ मे
माझं निळं जाकीट बोर्गहिल्डने कुलपात टाकलं. राखणदारणीने रोज तेच कपडे घालायचे, पक्षी कपडे ओळखतात. ही रीत मलाही ठाऊक आहे. हा करडा कोट आधीच्या राखणदारणीचा, गुनवोरचा. वरचं बटण तुटलंय, बाकी मापात बसला. ती कुठे असते म्हणून विचारलं. ओडमुंड म्हणाला, दक्षिणेला, लेकीकडे. बोर्गहिल्ड म्हणाली, तिचं लग्न तरी कुठे झालं होतं. मग दोघांनीही कॉफी ओतून घेतली.

१२ मे
आल्या! एक तर माझ्या बुटावरून चालत खोपटात शिरली. आनंदाने रडू आलं, पण तेही आवाज न करता. आता पिल्लं समुद्रात उतरेपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही, पळायचं नाही, बेटावर कुणी यायचं नाही की जायचं नाही.
ओडमुंड खोपटांत अंथरायचं शेवाळ अजून वाळवतोय. खोपटं तर सगळी भरली. कुणासाठी म्हटलं, तर म्हणाला, एक मोठी पाहुणी यायचीय. आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

२० मे
होडीच्या शेडमागे आणखी एक खोपटं आहे. तसंच, पण लांब. आत ताजं शेवाळ, त्यावर पिसं, आणि मधोमध खळगा. माणूस कुशीवर झोपेल एवढा.
खळग्यात बटण सापडलं. माझ्याच कोटाचं.

२१ मे
बोर्गहिल्डला विचारलंच. कांदा चिरता चिरता म्हणाली, एक बाई बसली की साऱ्या बसतात गं. गुनवोर अर्ध्यात उठली, मग सगळ्याच उठल्या. तिला पुन्हा बसवायला उशीर झाला. कोट तेवढा काढून ठेवला.
होडीची वल्ही जागेवर नाहीत.

२३ मे
ती दोघं मागे येतायत. पळत नाहीत — माद्या बिचकतील म्हणून. मीही पळत नाही. भर उन्हात आम्ही तिघं सावकाश चालतोय, आणि माद्या शांत बसल्यात.
लपायला हे लांब खोपटंच होतं. आत एक मादी आहे, माझ्या कोटाला टेकून. तिची अंडी उबदार आहेत.
फटीतून मासेमारी बोट दिसते — जवळच. एक हाक पुरेल. पण एका हाकेने सगळ्या उठतील, अंडी गार पडतील, आणि पुन्हा कधीच —
पावलं थांबली. बोर्गहिल्ड कुजबुजतेय, शहाणी आहे पोर, आपणहून बसली.
बोट वळतेय. आता ओरडले नाही तर —
मादीने मान वर केलीय. माझ्याकडे बघतेय. मी तोंड उघ