तांबड्या ताऱ्याच्या तेवीस नोंदी

मी, संघपाल राजाराम खोब्रागडे, वय बाहत्तर, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, मूळ जिल्हा भंडारा, राहणार सेक्टर ६१, नोएडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो मी आयुष्यात कधी घेतला नाही, हे घरचेही सांगतील, फारशा कौतुकाने नव्हे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी पत्नी नीलम हिच्या. तिच्या पश्चात मुलगा प्रफुल्ल आणि मुलगी ऋचा यांना सारख्या वाट्याने.

२. माझ्यामागे कोणी मुहूर्त पाहू नये, पत्रिका उघडू नये. चाळीस वर्षे मी तारे पाहिले. त्यांतल्या एकानेही माझ्या बदलीत किंवा बढतीत लक्ष घातले नाही. वंदना घ्यावी. भाषण नको, करायचेच तर दहा मिनिटे.

३. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. माझ्या भाषणांची फाईल पानिपतला प्रफुल्लकडे. लहानपणी तो पहिल्या रांगेत बसून झोपायचा, तरी येत राहिला. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

४. गच्चीवरचा दिवा आकाशाकडे तोंड करून बसवणारे सोसायटीचे सचिव द्वारकाप्रसाद यांना माझ्या एकोणीस तक्रारअर्जांच्या प्रती. त्यांनी त्या वाचाव्यात. मूळ अर्ज वाचले नव्हते.

५. दुर्बीण आणि निरीक्षणाच्या अकरा वह्या ऋचाला. हे कलम लांब आहे.

अभिजितच्या जवळ, स्वरमंडळ तारकासमूहात, एक तांबडा राक्षसी तारा आहे. साधारण दीड महिन्यात तो मंदावतो आणि पुन्हा उजळतो. काळोख्या गावात तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. दिल्लीत पावसाने हवा धुतली तरच, एरवी दुर्बिणीतून. शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी तुलना करायची आणि त्याचे तेज लिहायचे. मागची नोंद झाकून ठेवायची, म्हणजे मनातले कागदावर उतरत नाही. हे सगळे मी ऋचाला शिकवले.

२००४ च्या दसऱ्याच्या सुमारास मी महिनाभर विदर्भात धम्माच्या सभा घेत होतो. ऋचा सोळा वर्षांची होती. आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या गच्चीवरून तिने तेवीस नोंदी केल्या. परत येऊन पाहतो, तर प्रत्येक नोंदीत तारा माझ्या नेहमीच्या नोंदींपेक्षा मंद. घरी या सभा भरवणाऱ्या मंडळाचे चार लोक बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "मनाला येईल ते लिहिण्याला नोंद म्हणत नाहीत."

"बाबा, जे दिसलं तेच लिहिलं."

"मग तुला दिसत नाही."

तेवीस नोंदींवर मी लाल रेघ मारली. ती म्हणाली, "अच्छा. ठीक है." माझ्याशी ती हिंदीत बोलली ती पहिली वेळ. गच्चीवर पुन्हा आली नाही. आजही येते, चहा घेते, आईजवळ बसते. गच्चीवर येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी इतर निरीक्षकांच्या त्या महिन्यातल्या आणि बाकीच्या वर्षांच्याही नोंदी मिळवून ताडून पाहिल्या. ऋचाच्या नोंदी त्यांच्याशी जुळतात. माझ्या, पहिल्या वहीपासून, जुळत नाहीत. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो आहे त्याहून तेजस्वी वाटू लागतो. म्हणून नजर टाकायची आणि काढायची. ती तशीच पाहत होती. मी टक लावत होतो, आणि माझीच खात्री मोजत होतो.

वहीतली रेघ खोडता येत नाही, तो नियम माझाच. म्हणून तेवीसही नोंदींपुढे मी लिहिले आहे: "ही नोंद बरोबर आहे. रेघ चुकीची आहे." खाली सही आणि तारीख. माझ्या चुकलेल्या नोंदी कोणी सुधारू नयेत.

ऋचाने महिन्यातून एकदा तरी तारा पाहावा, अशी अट मी घातली होती. नीलम पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मेल्यावरही तिच्यावर ओरडणार का?" अट काढली आहे. मग तिने विचारले, "हे तिला कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे माफीसुद्धा तिने एकटीनेच ऐकायची. बरं आहे तुमचं."

सबब कलम ५ पुरता बदल करतो: त्याचा अंमल माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्याच होईल. जुने क्वार्टर पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये ऋचा राहते. वह्या पिशवीत भरून मी स्वतः मेट्रोने जाईन आणि हे कलम तिच्यासमोर वाचेन, मोठ्या आवाजात नव्हे. ती पुन्हा "ठीक है" एवढेच म्हणाली, तरी ते ऐकायला मी जिवंत असलो पाहिजे.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले. त्यांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली.

स्थळ: नोएडा
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५

(सही) संघपाल राजाराम खोब्रागडे

साक्षीदार:
१. (सही) शशिकांत देवधर, शेजारी
२. (सही) विजयालक्ष्मी रामटेके, निवृत्त शिक्षिका