पाठीवर खडूच्या रेघा

हॅनोव्हर, २३ फेब्रुवारी २०१५

आईस, पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतो पोटभर. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या हॉटेलातला आचारी डोनल आयर्लंडच्या खेड्यातला. त्यांच्याकडे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासात लग्नं होत नसत, म्हणून त्याआधीच उरकायची जुनी रीत. जो बिनलग्नाचा राहिला, त्याच्या कोटावर उपासातल्या पहिल्या रविवारी पोरं खडूने रेघा मारायची. काल त्याने गुपचूप मलाच रंगवलं! मी तसाच ट्रामने गावभर हिंडलो. लोक हसले, मीही हसलो.

डोनल म्हणाला, "कोणाची वाट बघतोस रे?"

आई, तू माझ्यासाठी बघितलेली सुकन्या मला पसंत आहे. टाळत होतो ते एवढ्यासाठीच, की तू तिच्या घरी मला इंजिनिअर सांगितलंस. मी भांडी घासतो, हे आधी तिला सांग. मग ती म्हणेल ते जसंच्या तसं लिही, गोड करून नको.

तुझा कपिल