बाबांच्या पावलाएवढं

४ जानेवारी, शनिवार

आला एकदाचा! धम्मानंद सुतार आज लाकडाचे नमुने घेऊन आला. हॉलभर मांडले. साध्या सरळ फळ्या, कडेने गडद किनार, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, मधोमध बसवायचं शिसवी कमळ — आणि माझं हेरिंगबोन! तिरक्या फळ्या एकमेकींत अडकवलेल्या. किती वर्षं कात्रणं जमवतेय मी त्याची. आई, म्हणजे सासूबाई, वाकून बघत म्हणाल्या, "हे त गव्हाची ओंबी दिसून राहिली वं." बरोबर आहे त्यांचं. ओंबीच ती.

कमळ मात्र त्यांनी उडवूनच लावलं. "मी कमळावर पाय देऊ?"

रविंद्रने आठवण करून दिली, "कामिनी, बाबा घसरू नयेत म्हणून लाकूड लावतोय आपण." माहीत आहे! दिवाळीत सासरे टाइल्सवर पडले, त्यावरूनच तर हा खर्च निघाला. पण लाकूड लावायचंच आहे तर सुंदर का नको?

धम्मानंदच्या गठ्ठ्यात आणखी एक लांबट तुकडा होता — फिक्या सागावर आडव्या काळ्या पट्ट्या. शिडीच जशी. बघताक्षणी नापास केला.

७ जानेवारी, मंगळवार

रविंद्र सदरच्या दुकानात व्हीलचेअर बघून आला. मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होता, पण बाबांना कंपवात झालाय, बहिरेपण नाही. दिवसभर हा वाडीला गोडाउनवर, मी आणि आई घरात. पुन्हा पडले तर उचलणार कोण? त्याचंही चूक नाही.

बाबा आतून एवढंच म्हणाले, "एकदा बसलो का बसलोच मंग."

जन्मभर शाळेत पी. टी. शिकवलेला माणूस. अख्ख्या लेआऊटमधली, म्हणजे कॉलनीतली, पोरं त्यांच्या शिट्टीवर पळालेली आहेत. आता चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. दारात तर हमखास. वरचं अंग पुढे, पाय मागे — तसेच थरथरत उभे राहतात. मला ते बघवत नाही.

रविंद्र म्हणाला, फरशी होऊ दे, मग ठरवू.

९ जानेवारी, गुरुवार

आज एक गंमत झाली. गंमत की काय, कळेना!

नमुने अजून हॉलमध्येच पसरलेत. बाबा आले. साध्या फळ्यांवर पाय अडकले. माझ्या हेरिंगबोनवर तर भिंतच धरली — "डोळे फिरून राहिले माझे." (झोंबलं मला!) आणि मग तो नापास तुकडा लागला, शिडीचा. टक, टक, टक — ओलांडून गेले! तुकडा संपला, पाय पुन्हा अडकले.

"बाबा, काहून झालं असं?"

"मले काय माहीत पोरी. पाय गेला."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ, हळदीकुंकवाची धांदल, हात दुखतायत. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आईंनी सकाळी उंबऱ्याबाहेर आडवी लांब रांगोळी काढली होती. बाबा दाराशी आले. मी हात द्यायला पुढे झाले, कारण दारात ते अडकतातच. त्यांनी खाली बघितलं. पाय चांगला वर उचलला आणि रांगोळी ओलांडून बाहेर! मग दुसरा पाय. एक कणही विसकटला नाही.

जन्मात कधी रांगोळीवर पाय दिला नाही त्यांनी. कोण देतं? पण पायाला कसं कळलं?

१५ जानेवारी, बुधवार

आईंचा रांगोळीचा डबा पळवला. पॅसेजभर आडव्या रेघा ओढल्या.

"काय करून राहिली वं? रांगोळी काय अशी काढतेत?" आई चिडल्याच.

बाबांना आणलं. पहिली रेघ ओलांडली, दुसरीच्या आधीच थांबले. संपलं, म्हटलं. माझ्याच डोक्यात भुसा! तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे तुह्या पावलाचं माप आहे. माह्यावालं घे ना."

खरंच की! मी माझ्या ढांगा टाकून रेघा ओढल्या होत्या. सगळं पुसलं, जवळजवळ काढल्या. बाबा निघाले. पॅसेज पार करून थेट ओट्यापाशी येऊन उभे राहिले. माझ्या स्वयंपाकघरात किती महिन्यांनी!

"चहा मांड," बाबा म्हणाले.

आई नुसत्या रेघांकडे बघत राहिल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

धंतोलीला डॉक्टरांकडे. मी वेड्यासारखी रेघांचं विचारत बसले, रविंद्र ओशाळला. पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, या आजारात पाऊल उचलायचा आतला हुकूम कधीकधी पोचत नाही. समोर रेघ दिसली की नजरेच्या वाटेने पोचतो. सगळ्यांना जमत नाही, यांना जमतंय तर करा.

हुकूम! बाबा रिक्षात स्वतःशीच पुटपुटत होते, "लेफ्ट. राइट."

१८ जानेवारी, शनिवार

कात्रणं काढली आणि रडले. बाई, एका फरशीसाठी रडतेस? हो, रडते! लग्न झाल्यापासून या घरात मी माझ्या पसंतीचं असं काय आणलं? पडदेसुद्धा नणंदेचे.

मग डोळे पुसून धम्मानंदला फोन केला. शिडी.

"ताई, ते काळ्या पट्ट्यांचं? पक्कं ना?"

पक्कं. रविंद्र म्हणतो, हॉलमध्ये झेब्रा क्रॉसिंग! म्हणू दे.

२६ जानेवारी, रविवार

समोरच्या मैदानावर झेंडावंदन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाबा गेले नाहीत. रविंद्र म्हणाला उचलून नेतो, ते नको म्हणाले. खिडकीशी बसून राहिले. ड्रम वाजायला लागला तसे खुर्चीखाली त्यांचे पाय हलायला लागले — बरोबर ठेक्यात.

शिट्टी खिळ्याला टांगलेली. बाबा वर बघतही नाहीत तिच्याकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

झाली फरशी!

धम्मानंदशी शेवटपर्यंत वाद. त्याचं म्हणणं, पट्ट्या लांब लांब हव्यात, एवढ्या जवळ बऱ्या दिसत नाहीत. खोलीच्या मापात बसत नाहीत, भिंतीशी अर्धवट राहतात. राहू दे! बाबांच्या पावलाएवढं अंतर, एवढंच मला हवं होतं. बाबांच्या खोलीपासून हॉल, हॉलपासून स्वयंपाकघर, बाथरूमपर्यंत.

बाबा सकाळपासून फेऱ्या मारतायत. हात न धरता!

आणि खरं सांगू? वाईट दिसत नाही. उन्हं आली की साग मधासारखा दिसतो. गंमत म्हणजे आम्हीही सगळे पट्टी बघून पाऊल टाकायला लागलोय. एवढा उंच रविंद्र, तोसुद्धा तुरूतुरू! त्याला बघून मी हसून हसून बेजार.

संध्याकाळी मात्र तो म्हणाला, "घरातलं झालं. पण बाहेरचं काय? रस्त्यावर लाकूड लावशील का? पुढच्या रविवारी चेअर घेऊन येतो."

बाबा ऐकत होते. आईही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आईंनी किराण्यात रांगोळीची मोठी पिशवी मागवली. सण कुठला, विचारलं. "असू दे घरात," म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबा खोलीत नाहीत! हॉलमध्ये नाहीत, बाथरूममध्ये नाहीत. दार सताड उघडं. मी ओरडत बाहेर धावले, मागून रविंद्र, हातात गाडीची किल्ली — सदरला निघाला होता ना.

दारापासून फाटकापर्यंत पांढऱ्या आडव्या रेघा. फाटकापासून रस्ता ओलांडून पलीकडे, सरळ मैदानापर्यंत. सगळ्या बाबांच्या पावलाएवढ्या अंतरावर. एकही विसकटलेली नाही.

फाटकाशी आई. कमरेवर हात, बोटं पांढरी, पिशवी रिकामी.

"काहून ओरडून राहिली वं?"

आणि मैदानातून शिट्टी वाजली.