दुष्काळाची पन्नाशी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुझ्यावर आत्ता चिडले आहे. तू होतीस तेव्हाच चिडायला हवं होतं, पण तेव्हा सगळा राग मी दुष्काळावर काढला.

आपल्याकडे हल्ली कशाचाही वर्धापनदिन होतो. जिल्हा झाला त्याला इतकी वर्षं, गावात पहिला टीव्ही आला त्याला इतकी वर्षं. फोनवर जुने फोटो फिरतात आणि लोक खाली ‘काय दिवस होते’ असं लिहितात. परवा आपल्या शिरूर अनंतपाळला बहात्तरच्या दुष्काळाची पन्नाशी झाली. मांडव, हार आणि चक्क सुकडी. कामावर मजुरांना वाटायचे तीच, पण तूप घातलेली. पोरं द्रोण हातात धरून फोटो काढत होती. शाळेतली निवृत्त बाई म्हणून मलाही आठवणी सांगायला उभं केलं.

मी आपलंच सांगितलं. रस्त्याच्या कामावर तू खडी फोडायला जाणार, म्हणून मला आणि धाकट्या भावाला घेऊन लोह्याला मावशीकडे येतेस. मी नऊ वर्षांची. मावशीच्या चुलीपाशी बसून तू माझी वेणी घालतेस, नको इतकी घट्ट, आणि म्हणतेस, “पाऊस पडला की न्यायला येते. रडू नगं.” पुढच्या साली पाऊस पडतो. तू येतेस, धाकट्याला कडेवर घेतेस आणि मला म्हणतेस, “तुझी शाळा हितं चांगली हाय.” एसटी निघते तेव्हा धाकटा खिडकीतून हात हलवतो, त्याला वाटतं मी मागून येणार आहे.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला, तेव्हाचंही सांगितलं. मी कॉलेजातून तुझ्याकडे आले होते. चौकात भोंगे, गुलाल, पेढे. तू मला पाट दिलास, पहिलं ताट वाढलंस आणि धाकट्याला म्हणालीस, “पाव्हणीला पाणी दे.” मला ते फार लागलं. भाकरी मोडता मोडता विचारलं, पाऊस तर पडला होता, मग मला का नाही नेलंस? तू तवा उतरवत म्हणालीस, “दुष्काळानं नेलं बाई तुला. म्या काय करू?” मी तुला त्याच दिवशी माफ केलं. त्या माफीचा मला केवढा अभिमान होता.

कार्यक्रम संपल्यावर, तुझ्या शेजारी बसून खडी फोडायची ती म्हातारी काठी टेकत आली. माझा हात धरून कौतुकानंच म्हणाली, “लई ग्वाड बोललीस. पर दुष्काळाचं काय घिऊन बसलीस? बारशालाच तुझ्या मायनं बहिणीच्या वटीत घातलं व्हतं तुला. तिला लेकरू न्हाई म्हून. धाडायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं. समद्या गावाला ठावं हाय.”

सगळ्या गावाला. मावशीला, काकांना, बहुधा धाकट्यालाही. मीच तेवढी आभाळाकडे बघत अंगणात बसायचे आणि मावशी मला बघून गुपचूप घरात जायची. तिला लेक दिलीस, ठीक आहे, देतात लोक. पण मला वाट का बघायला लावलीस? ‘आता तू हिची’ एवढं तोंडावर म्हणाली असतीस तर मी रडले असते, जेवले नसते, आणि मग हळूहळू तिला आई म्हणाले असते. ती बिचारी मरेपर्यंत मावशीच राहिली. तिच्या उशाशी बसूनही मी तुझ्याच गोष्टी सांगायचे, आणि ती ऐकून घ्यायची. माय, तू दोघींना फसवलंस.

आता जिल्ह्याच्या वर्धापनदिनालाही बोलावणं आलंय. धाकटा फोनवर म्हणाला, “आक्का, तेच सांग. लोकांना आवडतंय.” खरं काय ते त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. हा कागद कुणाला दाखवणार नाही, आणि तिथं जाऊन मी दुष्काळाचंच सांगणार आहे. कारण लोकांना सांगते त्या गोष्टीत एसटी निघताना तू मागे वळून रडतेस. रडली नव्हतीस तू. ते मीच कधीतरी घातलं, आणि आता मला ते काढवत नाही.