रोपांना भिंती कशाला?

सोमवार, ४ मार्च

चि. धाकटीस,

मोठीचे आशीर्वाद. तू मागितलेले नाहीत, पण वयाने मोठी असल्यामुळे ते द्यावेच लागतात. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असावं, कारण काल दुपारी तू नळवाल्याला ज्या आवाजात झापत होतीस, त्यावरून तब्येत उत्तम असल्याचं मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं.

हे पत्र पोस्टाने आलेलं पाहून तू कपाळावर आठ्या घालशील. दोन घरांच्या मध्ये डोक्याएवढी भिंत, आणि ही बाई तिकीट लावून पत्र पाठवते! पण आपण बोलत नाही, आणि भिंतीवरून चिठ्ठी फेकणं माझ्या स्वभावात नाही. सगळी नोकरी पोस्टात काढली. पत्र मुख्य कचेरीत जाईल, शिक्का खाऊन परत आपल्याच गल्लीत येईल आणि माझ्या फाटकावरून पुढे तुझ्या फाटकात जाईल. रीतीने गेलेलं बरं.

तर मुद्दा. मागच्या ओट्यावर मला छत घालायचं आहे. दचकू नकोस. मागच्या वेळी त्या पत्रेवाल्याने उतार उलटा दिला आणि पहिल्याच सरीला सगळं पाणी तुझ्या ओट्यावर गेलं. तू भिंतीवरून हाक मारली असतीस तर मी त्याचे कान उपटले असते. पण तू पालिकेत तक्रार केलीस, माणसं आली, आणि भर दिवसा गल्लीसमोर माझे पत्रे उतरवून गेली. तक्रार नियमाला धरून होती, यात वाद नाही. तेच मला जास्त झोंबलं. जन्मभर गणित शिकवलंस, बहिणीलाही तू बाकावर उभं केलंस!

ते जाऊ दे. या वेळी मी आधी बांधकाम खात्यात जाऊन आले. तिथला इंजिनिअर तरुण आहे, पण माणसाला बसायला खुर्ची देतो. त्याने मला कागदावर चौकोन काढून समजावलं. खांबांवर नुसतं छत असेल आणि बाजू उघड्या असतील, तर ते छत. खात्याला फक्त कळवायचं. पण त्याच छताखाली भिंती उभ्या केल्या की ती झाली खोली. मग रीतसर नकाशा, खिडकी किती हवी, पाणी कुठे जाणार, सगळं आलं. आणि खोली हद्दीला चिकटून चालत नाही. मध्ये मोकळी जागा सोडावी लागते, तिला ते सामासिक अंतर म्हणतात. माझा ओटा तर आपल्या भिंतीला टेकलेला. बाबांनी प्लॉटचे दोन भाग करताना ओटे पाठीला पाठ लावून का बांधले, ते त्यांनाच ठाऊक.

"मग मार्ग काय?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांची लेखी ना-हरकत आणा. शेजारी कोण आहेत?"

"एक निवृत्त मास्तरीण आहे," मी म्हटलं. "स्वभावाने जरा कडक आहे."

मला बाजू बंदच हव्या आहेत. कुंड्या वाढल्यात, उन्हात रोपं करपतात, वाऱ्याने आडवी होतात. वेल्डिंगवाला नकाशा घेऊन तुझ्याकडे येईल. तो बघ आणि सही कर. या वेळी उतार माझ्या बागेकडे आहे, हे मी स्वतः उभं राहून तपासलंय.

बाकी विशेष नाही. महिनाअखेरीस मुलगा आणि सूनबाई येणार आहेत, घराचं काहीबाही बघायला. त्याआधी परवानगी हातात पडली तर बरं.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी भिंतीपलीकडची


शनिवार, ९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद, पण या वेळी जरा हात आखडता घेऊन.

वेल्डिंगवाला परत आला तो पडेल चेहऱ्याने. त्याच्यासमोर चहा ठेवला तेव्हा कुठे तोंड उघडलं. "ताई, त्यांनी नकाशा पट्टी लावून बघितला. मग म्हणाल्या, रोपांना भिंती कशाला? मी म्हटलं, वारा लागतो. मग म्हणाल्या, आणि कुंड्यांना न्हाणीघर कशाला? आता मी काय बोलणार?"

काय बोलणार बिचारा! मी त्याला न्हाणीघर कोपऱ्यात बारीक रेषेत काढायला सांगितलं होतं. तुझ्या डोळ्यांतून बारीक रेषा सुटत नाही हे मी विसरले. शाळेतल्या मुलांचं काय होत असेल, देव जाणे.

आता विचारलंच आहेस तर ऐक. तुला न सांगता हे निभावेल असं वाटलं होतं.

ती खोली मला झोपायला हवी आहे. खुब्याचं हाड झिजलंय. डॉक्टर म्हणतात, जिना बंद. माझं झोपणं वर, न्हाणी वर, कपाट वर. खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर. वरचा मजला चढवताना यांनी हौसेने सगळं वर नेलं, वरून बाग दिसते म्हणून. ते गेले, बाग आहे, आणि वर जायला पाय नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून मी सोफ्यावर झोपते. सकाळी एकदा कठड्याला धरून वर जाते, अंघोळ, कपडे, सगळं उरकून खाली आले की दिवसाचं काम संपलं. माझ्या वरच्या खोलीत दिवा लागत नाही हे तू पाहिलंच असशील. पाहूनही विचारलं नाहीस, आणि मीही तुझ्या जागी असते तर विचारलं नसतं. आपण दोघी एकाच बापाच्या.

जानेवारीत मी जिन्यावरून घसरले. फार नाही, मधल्या पायरीवरून तळाशी आले. काही मोडलं नाही. पण उठता येईना, तशीच बसून राहिले. दूधवाला बेल वाजवून, पिशवी दाराला अडकवून निघून गेला. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती तुला ऐकू आली असती. तू ओट्यावर कपडे वाळत घालत होतीस, चिमट्यांचा आवाज येत होता. तू आली असतीस हेही मला माहीत होतं. म्हणूनच नाही मारली. उन्हं खिडकीतून सरकेपर्यंत मी तिथे बसले आणि मग भिंतीला धरून उठले. हे मी मुलालासुद्धा सांगितलेलं नाही. तू त्याला सांगितलंस तर याद राख.

त्याला जेवढं कळलंय तेवढ्यानेच तो हैराण आहे. फोनवर म्हणाला, "आई, तुला खाली झोपायची आणि अंघोळीची सोय तिथे होत असेल तर राहा. नसेल तर आमच्याकडे चल. घराला गिऱ्हाईक आलंय, मी महिनाअखेरीस येऊन बोलून टाकतो." पोरगा वाईट नाही. सून तर माझी बाजू घेऊन त्याच्याशी भांडते. पण ते राहतात अकराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, सोय आहे, सगळं आहे. तिथे मी कोणावर चिडू? गॅलरीतून खाली बघितलं तर मोटारींचे टप दिसतात. घर विकलं की ते कायमचं. नवा माणूस येईल, आणि तुझ्या पलीकडे कोणीतरी परकं राहील.

तर हे असं आहे. ना-हरकत दिलीस तर मी राहते. नाही दिलीस तर जाते. मी रडणारी नाही आणि तुझ्यापुढे पदर पसरणारी तर मुळीच नाही. न्हाणीघराचं पाणी माझ्याच बागेत जाईल. भिंत गुळगुळीत करून घेईन, तुझ्या बाजूने हवा तो रंग लाव.

सही करायची असेल तर लवकर कर. नसेल तर तसं लिही. अधांतरी ठेवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


गुरुवार, १४ मार्च

लाडके धाकटे,

काल तू उंबऱ्यावरच बोललीस आणि उत्तराला न थांबता गेलीस. म्हणून पुन्हा पत्र. पण हे पोस्टात टाकणार नाही, वेल्डिंगवाल्याच्या हाती देते. मी एवढी बदललेय, याची नोंद घे.

काल बेल वाजली तेव्हा मला वाटलं दूधवाला. दार उघडलं तर तू! इतक्या वर्षांनी. केस किती पिकलेत गं तुझे! भिंतीवरून फक्त तुझा आवाज येतो, तो काही पिकलेला नाही.

"ना-हरकत देत नाही," तू म्हणालीस. चप्पलसुद्धा काढली नव्हतीस.

"मग कशाला आलीस?"

"तेच सांगायला. तुझ्या पोस्टाला दोन दिवस लागतात."

खरं सांगते, त्या क्षणी मला तुझं थोबाड फोडावंसं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सगळं मोकळं करून सांगितलं, आणि बाईसाहेब उंबऱ्यावर उभं राहून मला नियम शिकवतायत! तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला आहे, माझी भिंत उठली तर तुझा उजेड जाईल, हवा जाईल, म्हणून हरकत. बरोबर होतं. नेहमीसारखं बरोबर. मी दार लावायला हात घातला.

तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या घराला जिना आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"न्हाणी कुठे आहे?"

"मला काय ठाऊक?"

"खालीच आहे. आणि पलीकडची खोली रिकामी आहे. त्यात नुसती वर्तमानपत्रं साठलीत." मग तू जिन्याकडे बघितलंस, बराच वेळ. आणि म्हणालीस, "पुढच्या वेळी पडलीस आणि हाक मारली नाहीस, तर बघ. मी पालिकेत तक्रार करीन."

आणि गेलीस. मी दारात उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. समोरची बाई झाडू थांबवून बघत राहिली. बघू दे.

आज सकाळी मी बांधकाम खात्यात गेले. आधीचा अर्ज मागे घेतला. इंजिनिअर म्हणाला, "शेजारच्या बाईंनी अडवलं का?"

"अडवलं," मी म्हटलं. "आता मला सांगा, दोन ओटे पाठीला पाठ आहेत. दोघींनी मिळून वरून एकच छत घातलं तर?"

त्याने पुन्हा चौकोन काढला. या वेळी दोन. म्हणाला, बाजू उघड्या ठेवा, दोन्ही मालकांचा एकत्र अर्ज द्या, मग मधल्या हद्दीचा प्रश्न उरत नाही. मी विचारलं, आणि मधली भिंत? ती दाराएवढी पाडायची असेल तर? तो हसला. "आजी, कंपाउंडची भिंत वाढवायला आमची परवानगी लागते. कमी करायला नाही."

आजी म्हणाला, पण मी सोडून दिलं.

तर असं ठरलं. उतार दोन्ही बाजूंना, मध्ये उंच. तुझं पाणी तुझ्या बागेत, माझं माझ्या. रात्री मी तुझ्याकडे झोपेन. दिवसा माझ्या घरात असेन, कारण दिवसभर तुझ्यासोबत राहणं मला जमणार नाही आणि तुलाही झेपणार नाही. कुंड्या छताखाली राहतील. वर्तमानपत्रं रद्दीत घाल. सकाळी रेडिओ मोठा लावायचा नाही. स्वयंपाकात तू मीठ कमी घालतेस, ते मी माझ्या वाटणीत वरून घालून घेईन, त्यावर व्याख्यान नको.

मुलाला फोन केला. मला वाटलं हरकत घेईल. त्याने एवढंच विचारलं, "मावशी हो म्हणाली?" मी म्हटलं, "ती नाही म्हणाली." त्याला काही कळलं नाही, पण गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवतो म्हणाला. दोघं येणार आहेतच, भिंत पाडायला हात लावतील.

आता एकच राहिलं. सोबत अर्ज आहे. त्यात अर्जदार क्रमांक एक आणि क्रमांक दोन असे रकाने आहेत. इंजिनिअर म्हणाला, "मोठ्या तुम्ही ना? मग तुमचं नाव आधी लिहितो." मी त्याचा हात धरला आणि तुझं नाव वर लिहायला लावलं. त्याने सांगितलं होतं, परवाना पहिल्या अर्जदाराच्या नावावर राहतो. पुढे दुरुस्ती असो, विचारणा असो, खातं त्याच्याच दारात येतं. धाकटे, त्या छताखाली माझ्यापेक्षा जास्त वर्षं तू बसणार आहेस. मी नसेन तेव्हा कोणी येऊन हे छत कोणाचं म्हणून विचारलं, तर तुला कोणाची ना-हरकत मागायला जावं लागू नये.

मी माझी सही केली आहे. वरची जागा तुझी आहे.

तुझ्याकडे यायला निघालेली,
अर्जदार क्रमांक दोन,
तुझी ताई